चुना, युरिया आणि उसाचा खड्डा

दिवाळीनंतरच्या वादळात आमचा ऊस आडवा झाला, तेव्हा मला त्या घरात येऊन चार वर्षं झाली होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. लाखनीपासून सायकलने तासाभरावरचं आमचं गाव. गावाला मोठा तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि पाणी हाताशी असलेल्यांकडे थोडा थोडा ऊस. नवरा वरठीला कारखान्यात होता, तिथेच खोली करून राहायचा आणि सुटीच्या दिवशी घरी यायचा. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे घरात आम्ही दोघंच, सासरे आणि मी. मूल नव्हतं. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे, गावात बोलत.

माझा स्वभाव मुळात एका जागी न टिकणारा. स्वयंपाक आटोपला की गोठा, गोठा आटोपला की वाडी, वाडीत काही नसलं की पुन्हा गोठा. वडील पवनीला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. लहानपणी मी बाहुल्यांपेक्षा म्हशींच्या पायांत जास्त खेळले. त्यामुळे सासरी आल्यावर तीन म्हशी, अजून न व्यालेली एक तरणी वगार आणि बैलांची जोडी, एवढाच माझा खरा गोतावळा झाला.

आडव्या झालेल्या उसाला आठ दिवसांत कोल्ह्यांनी आणि उंदरांनी कुरतडलं. सासऱ्यांनी एक कांडं मोडून चावलं आणि थुंकून टाकलं.

"याचा गूळ नाई जमत. पेटवून देऊ."

गुळाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. आजूबाजूच्या चार गावांत गुऱ्हाळ लागलं की काहिलीजवळ त्यांना नेऊन बसवत. रसाचा नुसता वास घेऊन ते सांगायचे, आता मळी काढा, आता जाळ कमी करा, आता उतरवा. पण मला तो ऊस पेटवणं बघवेना. चैत्रात आमची जनावरं नुसतं तणस चघळायची. धानाच्या त्या वाळल्या काडीत जीव तो काय असणार! म्हशी आटायच्या, त्यांच्या बरगड्या मोजता यायच्या. मी रेडिओवर मुरघासाबद्दल ऐकलं होतं, वडिलांकडूनही ऐकलं होतं. ओला चारा बारीक कापायचा, खड्ड्यात दाबून भरायचा, हवा बंद करायची आणि लोणच्यासारखा मुरू द्यायचा. वडील सांगायचे तो मुरघास मक्याचा आणि ज्वारीचा. उसाचा कोणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण ऊसही हिरवाच की, असं मला वाटलं.

"मामाजी, पेटवाच्या आधी मले द्या ना," मी म्हटलं.

"घे," ते म्हणाले. "जळाले पायजे ते सडलं, तं काय फरक पडते!"

गोठ्यामागे मुरमाची उंच जागा होती. तिथे छातीइतका खड्डा खणून घेतला. पोलीस पाटलांकडे हाताने फिरवायचं कुट्टीचं मशीन होतं, ते मागून आणलं. दोन बायांना मजुरीला घेऊन चार दिवस ऊस कापला, खड्ड्यात टाकला, पायांनी तुडवला. वर पळसाची पानं, त्यावर तणस, त्यावर शेणमातीचा जाड थर. उसात दुसरं काहीच घातलं नाही. मीठसुद्धा नाही.

चैत्रात खड्डा उघडला आणि मी मागे सरकले. मोहाची फुलं वेचायचे दिवस होते, आणि माझ्या खड्ड्यातून हुबेहूब मोहाच्या दारूचा वास येत होता. तरी मी एक घमेलं भरून मोठ्या म्हशीपुढे ठेवलं. तिने ते चाटून पुसून खाल्लं. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी दुसरं घमेलं दिलं. सकाळी ती मान खाली घालून उभी होती, डोळे जड, शेण पातळ. धार काढली तर दुधालाही तोच वास. डेअरीचा माणूस झाकण उघडून म्हणाला, "बाई, हे दूध आहे का दुसरंच काई?" आणि कॅन परत देऊन निघून गेला.

तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील आले. ओसरीवर न बसता अंगणातच उभे राहिले.

"काकाजी, राग नका मानू. लोक म्हणून राहिले का तुमच्या वाडीत भट्टी लागली."

सासरे पाट्यावर विळ्याला धार लावत होते. त्यांचा हात थांबला. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी तरुणपणीच गेला होता. तेव्हापासून त्यांनी दारू पिणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ते उठले, पाटलांचा दंड धरून त्यांना खड्ड्याजवळ घेऊन गेले आणि म्हणाले, "पाहा. ऊस हाय. माया सुनेनं मुरवला."

पाटलांना हसू आवरेना. सासरे हसले नाहीत. पाटील गेल्यावर त्यांनी फावडं घेतलं आणि एकट्याने माती ओढून खड्डा बुजवला. मी मदतीला गेले तर त्यांनी नुसता हात वर केला. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं की ताटाकडे पाहून म्हणायचे, "भाजी." मी वाढायची. कोणी मला रागावलं असतं तर बरं झालं असतं. त्या आठ दिवसांत मी गोठ्याची जमीन तीनदा सारवली.

पुढे पावसाळ्यात म्हशीच्या खुराला जखम झाली म्हणून मी लाखनीच्या गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथे नवे डॉक्टर आले होते. मी भीत भीत त्यांना खड्ड्याची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, उसात साखर फार. बंद खड्ड्यात त्या साखरेची दारूच होणार. दारू करणारे जंतू दाबायचे तर चुना घाला. दुसरं असं, की उसात नुसती साखर आणि चोथा, अंग भरून काढणारं काही नाही. त्यासाठी युरिया घाला, पण मोजून. शंभर किलो उसाला एक किलो चुना आणि अर्धा किलो युरिया. त्यांनी ते मला औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं.

रात्रीपर्यंत धीर धरवला नाही. सासरे बांधीत चिखलात उभे होते, तिथेच कडेच्या धुऱ्यावरून, बांधावरून, मी त्यांना सगळं ओरडून सांगितलं. चुन्याचं नाव ऐकताच ते थांबले.

"चुना?"

"हाव. चुना टाकला तं दारू होत नाई म्हणते."

"रस आंबू नये म्हणून काहिलीत आमी चुन्याची निवळी टाकतो," ते म्हणाले. "जलमभर टाकून राहिलो. अन् हे मले तुया डॉक्टरनं सांगावं!" आणि ते मोठ्याने हसले. चैत्रापासून पहिल्यांदा.

चुना त्यांना पटला. युरिया मात्र अजिबात नाही.

"ते धानाचं खत हाय. जनावराले खत चारत नसते."

आषाढापासून पौषापर्यंत आमचं यावरून चाललं. मी त्यांना सुखाने दोन घास खाऊ दिले नाहीत. पाणी देताना तेच, चहा देताना तेच. नवरा घरी आला की त्यालाही मध्ये ओढायची. तो म्हणायचा, "तू कायले त्याइच्या मागं लागून राहिली? चुना टाकून पाहा ना अगोदर." पण मला अर्धवट करायचं नव्हतं. मागल्या खड्ड्याने माझं नाक कापलं होतं आणि मला या वेळी पूर्ण बरोबर यायचं होतं. अखेर माघात सासरे कंटाळून म्हणाले, "टाक बाई. पण एका खड्ड्यापुरतं." आणि गूळ करण्यासारख्या चांगल्या खोडव्याचा, तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचा, एक तुकडा त्यांनी माझ्या खड्ड्यासाठी सोडला. तसं त्यांनी कधी कोणासाठी केलं नव्हतं.

जुन्या खड्ड्याशेजारी नवा खणून घेतला आणि भरायला काढला. पहिले दोन दिवस सगळं शिस्तीत झालं. सासरे तराजू धरायचे. कापलेल्या उसाचा एक थर झाला की मी झारीने चुन्याचं पाणी शिंपडायची, मग दुसऱ्या बादलीतलं युरियाचं पाणी, मग बाया तुडवायच्या. उसावर चुना पडला की हिरवा रंग क्षणात पिवळट व्हायचा. सासरे दर थराला वाकून वास घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुट्टीचं मशीन अडकलं. एक बाई हाक मारू लागली. मी नुकताच बादलीत युरिया विरघळवला होता. त्याच बादलीत आदल्या दिवशी आम्ही उसाचा रस धरला होता, तिला गोड वास होता. बादली तशीच उघडी टाकून मी धावले. माझ्याशिवाय ते मशीन सुटणारच नाही, असं मला वाटलं असावं. वगारीला सकाळी दाव्याला मीच बांधलं होतं, तेही घाईत. गाठ नीट बसली नव्हती. या दोन्ही गोष्टी माझ्या हातच्या. आजवर मी त्या दुसऱ्या कोणावर ढकललेल्या नाहीत.

मशीन सोडवून परत आले तर वगार बादलीपाशी उभी होती आणि बादली अर्धी झाली होती.

ती आमच्या सगळ्यात चांगल्या म्हशीची वगार. पहिलटकर, पाच महिन्यांची गाभण. मी तिला ओढत बाजूला नेलं. थोडा वेळ ती बरी दिसली, म्हणून मला वाटलं, वाचलो. मग तिचे कान थरथरायला लागले. मग मांड्या. तोंडाला फेस आला, डावी कूस फुगली. ती खाली बसली ती पुन्हा उठलीच नाही.

"ताक आणा," सासरे ओरडले. "आंबटातलं आंबट. अन् थंड पाणी."

मी तीन घरांतून ताक गोळा केलं. एक शेजारी सायकलने डॉक्टरांकडे लाखनीला गेला. बांबूच्या नळ्याने सासरे तिच्या घशात ताक ओतत होते आणि मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. ती रेकत होती. तो आवाज वगारीचा वाटत नव्हता. मधेच तिचे पाय ताठ झाले, मान मागे गेली. डॉक्टर आले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "मीही आंबट आणि थंड पाणीच पाजलं असतं. पोटात फार गेलं हो."

अंगणात माणसं जमली होती. त्यांतली एक बाई, माझ्या तोंडावर नाही पण मला ऐकू जाईल अशी, म्हणाली, "जिची कूस रिकामी, तिनं गाभण जनावर मारलं."

मी खाली बघत होते. माझ्या लुगड्यावर ताक सांडलं होतं, ते मी हाताने पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसत राहिले. सासऱ्यांनीही ते वाक्य ऐकलं होतं. ते त्या बाईकडे वळले.

"घरी जा," एवढंच म्हणाले. मग सगळ्यांना, "जा सगळे. तमाशा नाई हा."

चार माणसांनी वगार वाडीच्या टोकाला नेऊन पुरली. मी परतले आणि ओसरीवर बसले. मला वाटलं, सासरे आता खड्डा बुजवणार. ते हातपाय धुऊन आले आणि त्यांनी तराजू उचलला.

"उठ," ते म्हणाले. "खड्डा अर्धा राह्यला तं सडन."

"मामाजी, माया हातून..."

"हाव. चूक तुयी हाय," ते म्हणाले. "युरियाची नाई. तिनं पाण्यातला पिला. हा उसात मिसळला हाय. मोजून टाक. बादली मी धरतो."

दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघांनीच तो खड्डा भरला. बाया निघून गेल्या होत्या. सासरे सत्तरीच्या जवळचे, तरी माझ्याबरोबर ऊस तुडवत होते. मी रडत होते आणि तुडवत होते. शेवटचा मातीचा थर त्यांनी हाताने लिंपला.

पुढचे दीड-दोन महिने मी कसे काढले, मला सांगता येणार नाही. खड्ड्यावरची माती वाळून तडकली की मी शेण-माती कालवून ती भेग बुजवायची. भेग नसली तरी हात फिरवून बघायची. गावात आमच्या खड्ड्याला 'जहराचा खड्डा' नाव पडलं. पोरं त्याच्याजवळून पळत जायची. बरं वाटेल म्हणून मी पवनीला माहेरी गेले, आठ दिवस राहायचं ठरवून. दुसऱ्या दिवशीच एसटी धरून परत आले. निघताना वडिलांनी विचारलं, "काहून, काय झालं?" मी पिशवीच भरत राहिले. नवरा म्हणाला, "तो खड्डा उघडूच नको. माती टाकून सोडून दे. एक वगार गेली, आणखी किती घालवते?" त्याचंही चुकत नव्हतं. तो गेल्यावर मी सासऱ्यांना विचारलं, उघडायचा की नाही. ते म्हणाले, "पाहू." ते 'पाहू' मला फार जड गेलं.

चैत्र अर्धा उलटल्यावर एका सकाळी मी गोठ्यात गेले तर सासरे खड्ड्याची एक बाजू उघडून आत वाकले होते. मला न सांगताच त्यांनी सुरुवात केली होती. हातात मूठभर मुरघास घेऊन ते वास घेत होते. काहिलीपाशी घ्यायचे तसा, डोळे मिटून.

"ये," ते म्हणाले. "दारू नाई."

मी हातात घेतला. पिवळट तपकिरी, हाताला थंड. आंबट वास होता, पण स्वच्छ. डोक्यात जाणारा, मोहासारखा गोड दर्प कुठेच नव्हता. युरियाचा किंचित झणका होता, तो वाऱ्यावर पसरून ठेवला की थोड्या वेळाने गेला.

आता पहिल्यांदा कोणाला चारायचा? मी म्हातारी भाकड म्हैस म्हटलं. गेली तरी फार नुकसान नाही, हे मी बोलले नाही, पण मनात तेच होतं. सासऱ्यांनी मान हलवली. ते घमेलं घेऊन आपल्या उजव्या बैलाकडे गेले. त्या बैलावर त्यांचा इतका जीव होता की पोळ्याला ते त्याला स्वतःच्या हाताने पुरणपोळी भरवत आणि मगच जेवत. पाच-सात मुठी मुरघास तणसात मिसळून त्यांनी त्याच्यापुढे ठेवला.

"मामाजी, त्याले नको," मी म्हटलं.

"भरोसा माया, तं दुसऱ्याच्या जीवावर कायले पाहू? हा माया जीव हाय," ते म्हणाले.

बैलाने आधी हुंगलं, फुर्रकन नाक उडवलं, मग तणस वेचून खाल्लं, मग खालचंही खाल्लं. सासरे दाव्याजवळ घोंगडी टाकून दिवसभर बसले. मी घरात जायची, बाहेर यायची, पुन्हा जायची. भात करपला. संध्याकाळपर्यंत बैल शांत रवंथ करत होता. दुसऱ्या दिवशी थोडं वाढवून दिलं. तिसऱ्या दिवशी म्हशींना. आठवड्याभरात ती सगळी जनावरं घमेल्याचा आवाज आला की दाव्याला ओढ देऊ लागली.

फार मोठं काही घडलं असं नाही. दूध वाढलं नाही. पण वैशाखात, ज्येष्ठात, गावातल्या म्हशी एकामागून एक आटत गेल्या तेव्हा आमच्या दोन म्हशी पाऊस पडेपर्यंत दूध देत राहिल्या. बरगड्या दिसल्या नाहीत. डेअरीच्या माणसाने झाकण उघडून दूध हुंगलं आणि काही न बोलता ओतून घेतलं. ज्येष्ठात एका दुपारी ती बाई, अंगणात बोललेली, टोपलं घेऊन आली आणि दारात उभी राहिली. तिची गाय व्यायला आली होती आणि घरात तणससुद्धा संपलं होतं. मला तिला परत पाठवावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. सासरे ओसरीवरून माझ्याकडे बघत होते की नव्हते, मला माहीत नाही, मी मागे वळून पाहिलं नाही. मी टोपलं भरून दिलं आणि तणसात मिसळून किती घालायचं ते दोनदा सांगितलं. तिने ऐकून घेतलं. माफी तिने मागितली नाही आणि मीही वाट पाहिली नाही.

पुढच्या वर्षी पोलीस पाटलांनी खड्डा खणला, मग आणखी तिघांनी. ऐंशीनंतर दोन-तीन वर्षं डॉक्टर मला शेजारच्या गावांत शिबिराला न्यायचे. बायांपुढे उभी राहिले की मी आधी वगारीची गोष्ट सांगायची, चुन्या-युरियाचं माप नंतर. डॉक्टर म्हणायचे, पहिल्यांदाच घाबरवू नका, खड्डाच कोणी करणार नाही. मी त्यांचं ऐकलं नाही. काही बाया घाबरून उठून जायच्या. ज्या बसायच्या, त्या माप नीट विचारायच्या.

मग नवऱ्याला वरठीला दोन खोल्यांचं बरं घर मिळालं आणि तो मला घेऊन गेला. सासरे म्हणाले, जा. तिथे दारात रेल्वेचा आवाज, कारखान्याचा भोंगा, आणि माझ्या हातांना काम नाही. मी दोन खोल्यांतून इकडून तिकडे चालायची. शेजारीण विचारायची, "काही हरवलं का बाई?" सहा महिने कसेबसे काढले. दिवाळीला गावी आले तेव्हा सासरे वाकले होते. त्यांनी एकट्याने ऊस कापायला काढला होता, आणि खड्डा अजून खणायचा होता. नवऱ्याची रजा संपली, तो सोमवारी सकाळी पिशवी घेऊन निघाला आणि माझ्याकडे बघत थांबला.

"येत नाही ना तू?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तो रागावला नाही. पिशवी खाली ठेवून त्याने कुदळ मागितली आणि दुपारच्या गाडीपर्यंत आमच्याबरोबर मुरूम खणला.